मामांच्या ट्रंकेतली जुनी कॉमिक्स: मोलाची कोणती, रद्दी कोणती?

पोटमाळा:

नमस्कार मंडळी,

माझे मामा मालवाहू जहाजावर होते. बंदरात उतरले की वाचायला काहीतरी घ्यायचे, आणि त्यात कॉमिक्सच जास्त. ते गेल्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक माझ्याकडे आली. मामींना त्यात काडीचा रस नाही, पण "फुकट घालवू नकोस, काय आहे ते नीट बघून घे" एवढं बजावून ठेवलंय. माझं ज्ञान म्हणाल तर सिनेमात पाहिलेला स्पायडरमॅन, त्यापलीकडे शून्य.

ट्रंकेत साधारण असा माल आहे. सगळ्यात वर 'ॲक्शन कॉमिक्स' अंक पहिला, जून १९३८, किंमत दहा सेंट, मुखपृष्ठावर सुपरमॅन हिरवी गाडी उचलून आपटतोय. हे पाहून हात थरथरले, खोटं कशाला बोलू. मग 'अमेझिंग स्पायडरमॅन' अंक पहिला, पण त्याच्यावर किंमतच छापलेली नाही. साठच्या दशकातले मार्व्हलचे बरेच अंक. काहींवर सेंटऐवजी पेन्समध्ये किंमत, आणि मुखपृष्ठाच्या उजव्या कडेचे बारीक तुकडे उडालेले, उंदराने कुरतडल्यासारखे. 'इन्क्रेडिबल हल्क' १८१, दिसायला झकास. 'स्टार वॉर्स' पहिला. काही अंकांच्या मुखपृष्ठाचा वरचा पट्टाच फाडलाय, नाव गायब. आणि तळाशी नव्वदच्या दशकातला ढीग: काळ्या पिशवीत सीलबंद 'सुपरमॅन' ७५, आणि 'एक्स-मेन' १ च्या वेगवेगळ्या मुखपृष्ठांच्या प्रती, सगळ्या कोऱ्या करकरीत.

तर प्रश्न असा की किंमत ठरते कशावरून? जुनं तेवढं महाग, इतकं सोपं आहे का? ओळखीतले एक गृहस्थ अख्खी ट्रंक एकरकमी घ्यायला तयार आहेत. त्यांनी त्या कोऱ्या प्रतींकडे ढुंकूनही पाहिलं नाही, हल्क मात्र पुन्हा पुन्हा हातात घेत होते. मामेभावाचं म्हणणं, फाटलेल्यांना चिकटपट्टी लावू, चांगल्या लॅमिनेट करून घेऊ आणि मग बघू. जाणकारांनी सांगावं.


रात्रपाळी:

पोटमाळा, आधी दाराला आतून कडी घाला. ॲक्शन १ ची एक प्रत २०१४ मध्ये ३२ लाख डॉलरला गेली. तिचा दर्जा दहापैकी ९.० होता. २०२४ मध्ये ८.५ दर्जाची, म्हणजे तिच्याहून थोडी डावी प्रत ६० लाख डॉलरला गेली! दोन लाखांच्या आसपास छापल्या होत्या, त्यातल्या शंभरेक उरल्यात असं मानतात. मामा थोर होते. आजपासून ट्रंकेवरच झोपत जा.


कटिंगखातं:

रात्रपाळी, जरा दमानं. माणसाची झोप उडवून ठेवली तुम्ही.

पोटमाळा, पट्टी घ्या आणि अंक मोजा. १९३८ चा मूळ अंक रुंदीला साधारण पावणेआठ इंच आणि उंचीला साडेदहा. तुमचा जर दहा बाय साडेतेराच्या घरात भरला तर तो १९७४ चा आहे. डीसीने, म्हणजे सुपरमॅनच्या प्रकाशकाने, त्या साली 'फेमस फर्स्ट एडिशन' या नावाने जुने पहिले अंक मोठ्या आकारात जसेच्या तसे काढले, आतल्या जाहिराती आणि दहा सेंटांसकट. बाहेरून जाड कागदाचं वेगळं आवरण होतं आणि हे पुनर्मुद्रण आहे ते त्याच्यावर छापलेलं होतं. आवरण काढून टाकलं की आत हुबेहूब पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ. पुष्कळांनी ते मुद्दाम काढलं, आणि पुष्कळ जण फसले. सूर पकडायला हा अंक बरा आहे, कारण पुढचं सगळं असंच आहे: चित्राकडे बघून काही कळत नाही, वस्तूकडे बघावं लागतं.

मी छापखान्यात कटिंग-बाइंडिंगला होते, आता निवृत्त आहे. लोक कॉमिक उघडून चित्रं बघतात, मी आधी कड बघते, मग पिना, मग वास घेते. तेव्हा माझं उत्तर त्याच अंगाने येणार, ते चालवून घ्या.

"जुनं ते महाग" हे डोक्यातून काढा. कुणालाही नको असलेला १९४८ चा अंक हा फक्त जुना कागद असतो. किंमत येते ती दोन गोष्टी एकमेकींना भिडल्या की: एखादा अंक पुष्कळांना हवा असतो आणि चांगल्या स्थितीत तो फारसा उरलेला नसतो. हवा का असतो, तर बहुतेक वेळा त्यात कोणीतरी पहिल्यांदा आलेलं असतं. ॲक्शन १ मध्ये सुपरमॅन, १९३९ च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' २७ मध्ये बॅटमॅन, ऑगस्ट १९६२ च्या 'अमेझिंग फँटसी' १५ मध्ये स्पायडरमॅन. या शेवटच्याची ९.६ दर्जाची प्रत २०२१ मध्ये ३६ लाख डॉलरला गेली. तीच कथा तुम्हाला आज चार पैशांत कुठल्याही संग्रहात वाचायला मिळेल, त्यामुळे पैसे कथेचे नाहीत हे तर उघडच आहे.

आणि उरल्या का नाहीत? कारण त्या जपण्यासाठी केलेल्याच नव्हत्या. दहा सेंटची वस्तू, सगळ्यात हलका न्यूजप्रिंट, वर जरा गुळगुळीत कागदाचं मुखपृष्ठ, मधोमध दोन पिना, झालं. पोरं वाचायची, दुमडून खिशात घालायची, एकमेकांत फिरवायची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत रद्दी गोळा करायच्या मोहिमा निघाल्या, त्यात ढीगच्या ढीग लगद्याला गेले. पुढे कॉमिक्सनी मुलं बिघडतात अशी हाकाटी झाली, ठिकठिकाणी होळ्या पेटल्या, १९५४ मध्ये प्रकाशकांनी स्वतःच कॉमिक्स कोड, म्हणजे काय छापायचं नाही याची नियमावली, आणला. एवढ्यातून जे वाचलं त्यातलं बरंचसं कुणाच्या तरी लक्षात न राहिल्यामुळे वाचलं.

आता तुमचा तळातला ढीग बघा. तिथे नेमकं उलटं झालं. तोवर जुन्या अंकांच्या किमतींच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या होत्या, म्हणून जो तो विकत घेऊन जपायला लागला. 'एक्स-मेन' १, १९९१: पाच मुखपृष्ठं आणि ८० लाखांहून जास्त प्रती. सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक, तुमची ती काळी पिशवी, आत दंडाला बांधायची काळी पट्टीसुद्धा आहे: तोही लाखांनी खपला आणि लाखांनी सीलबंद राहिला. ज्याला हवा त्याच्याकडे आहेच, तेव्हा मागणी कुठून येणार? त्या गृहस्थांनी ढुंकून पाहिलं नाही ते बरोबर केलं. तरी ढीग एकदा चाळा. 'न्यू म्युटंट्स' ९८, फेब्रुवारी १९९१, त्यात डेडपूल पहिल्यांदा येतो. असला तर वेगळा काढा.

हल्क १८१ हातातून का सुटत नव्हता तेही सांगते. नोव्हेंबर १९७४, वुल्व्हरिन हा सुपरहीरो पहिल्यांदा पूर्णपणे याच अंकात येतो. १८० च्या शेवटच्या चौकटीत तो दिसतो, त्यावरून संग्राहक अजून भांडतात, पण बाजाराने कौल १८१ ला दिलाय. आता न घाबरता आतलं वाचकांच्या पत्रांचं पान उघडा. त्या काळात मार्व्हल या पानांवर तिकिटासारखी छोटी चित्रं छापायचं आणि कापून वहीत चिकटवा म्हणून मुलांना सांगायचं. मुलं आज्ञाधारक होती. १८१ मध्ये शॅना नावाच्या नायिकेचं, ५४ क्रमांकाचं चित्र आहे. ते जागेवर असेल तर तुमची ट्रंक वसूल. तिथे चौकोनी भोक असेल तर मुखपृष्ठ कितीही झकास असू दे, अंक अपुरा धरतात आणि भाव धाडकन खाली येतो. बाहेरून हे काहीच कळत नाही, म्हणून तर लोक फसतात.

आणि चिकटपट्टी, लॅमिनेशन? मामेभावाला ट्रंकेच्या आसपास फिरकू देऊ नका. चिकटपट्टीचा गोंद कागदात मुरतो, पिवळा पडतो आणि मग पट्टी काढली तर शाई घेऊन निघते. लॅमिनेशनवर तर बोलायलाच नको, त्यानंतर ती वस्तू कॉमिक राहत नाही, टेबलावर ताटाखाली घालायचं कापड होते.


पोटमाळा:

मोजला. साडेतेरा इंच.

असो. कडी काढली.

पण हल्कमध्ये शॅनाबाई जागेवर आहेत! फक्त मधलं पान खालच्या पिनेतून सुटलंय, वरच्या पिनेला लोंबकळतंय. किमतीशिवायचा स्पायडरमॅन, पट्टा फाडलेले अंक आणि ते पेन्सवाले, यांचं काय? पेन्सवाले इंग्लंडमध्ये छापलेली नक्कल आहेत का?


तिकीटघर:

मी मूळचा तिकिटांचा, कॉमिक्स हा जोडधंदा. दोन गोष्टी माझ्या माहितीतल्या आहेत.

किंमत नसलेला स्पायडरमॅन १ हा १९६६ चा असणार. त्या वर्षी गोल्डन रेकॉर्ड कंपनीने काही मार्व्हल अंक पुन्हा छापून ग्रामोफोनच्या तबकडीसोबत विकले. तबकडी ऐकत ऐकत कॉमिक वाचायचं अशी योजना. वेगळी किंमत लावायचा प्रश्न नव्हता, म्हणून मुखपृष्ठावर ती नाही. मूळ अंक मार्च १९६३ चा, त्यावर १२ सेंट असतात. तुमचा टाकाऊ मात्र नाही हं, साठच्या दशकातलं हे पुनर्मुद्रण जमवणारे लोक आहेत. ट्रंकेत तबकडी आणि तिचं पाकीट सापडलं तर सोन्याहून पिवळं.

फाडलेल्या पट्ट्यांची गोष्ट हिशेबाची आहे. त्या काळी विक्रेत्याला न खपलेले अंक परत देता यायचे, पण अख्खा गठ्ठा परत पाठवायचा खर्च कोण करणार? म्हणून मुखपृष्ठावरच्या नावाचा पट्टा फाडून तेवढा परत पाठवायचा, त्याचे पैसे वळते व्हायचे. उरलेला अंक नष्ट करायचा असा नियम होता. तो नष्ट न करता स्वस्तात विकला जायचा, आणि मामांसारख्या वाचकांची चंगळ व्हायची. अशा अंकांना संग्राहकांत किंमत नाही, वाचायला ठेवा.

'स्टार वॉर्स' वर किती सेंट आहेत ते पाहिलंत का? १९७७ च्या या अंकाची नेहमीची किंमत ३० सेंट. पण भाव वाढवला तर खप पडतो का हे पाहायला मोजक्या ठिकाणी त्याच अंकावर ३५ सेंट छापून विकून बघितलं. बाकी अंक शब्दशः तोच. त्या पाच सेंटांसाठी आज लोक वेड्यासारखे पैसे मोजतात. पुनर्मुद्रणांवरही ३५ सेंट आहेत, म्हणून हुरळून जाण्याआधी कुठे पुनर्मुद्रण असल्याचं छापलंय का ते बघा.


कटिंगखातं:

तिकीटघर, पट्ट्यांचं छान सांगितलंत. एक पुरवणी: कधी नुसता पट्टा, तर कधी अख्खं मुखपृष्ठ फाडायचे. मुखपृष्ठ नसलेल्या इतक्या प्रती बाजारात फिरतात त्याचं एक कारण हेच.

पेन्सवाल्यांची नक्कल म्हणून हेटाळणी होते ते मला सहन होत नाही. पोटमाळा, ते अंक त्याच छापखान्यात, त्याच कागदावर, त्याच वेळी छापलेले आहेत. फक्त ब्रिटनला जाणाऱ्या थोड्या प्रतींसाठी मुखपृष्ठाची किमतीची प्लेट बदलायची, बाकी काही नाही. काहींवर महिनाही नसतो, कारण जहाजाने पोचेपर्यंत तो उलटून जायचा. संख्येने त्या सेंटच्या प्रतींपेक्षा कितीतरी कमी आहेत. तरी वर्षानुवर्षं अमेरिकन संग्राहक त्यांना खालच्या पंगतीला बसवत आले, आता कुठे चित्र बदलतंय. संख्येने कमी असून भाव कमी, यावरूनच समजा की नुसत्या दुर्मीळपणाने भागत नाही, घेणाऱ्याला ती चीज हवी वाटावी लागते.

आता माझ्या आवडीच्या विषयावर येते, त्या उडालेल्या कडा. साठच्या सुरुवातीच्या मार्व्हल अंकांना हे दुखणं जन्मजात आहे, संग्राहक त्याला 'मार्व्हल चिपिंग'च म्हणतात. अंक पिना मारून झाले की गठ्ठ्याने कटिंग मशीनखाली जातात. पातं धारदार असेल तर कड आरशासारखी येते. पातं बोथट झालं आणि कुणी बदललं नाही, तर ते कागद कापत नाही, ढकलत जातं. मुखपृष्ठाच्या कडेला बारीक चिरा पडतात आणि पुढे हाताळताना त्या चिरांमधून टवके उडतात. आमच्याकडे असं काम निघालं असतं तर फोरमनने गठ्ठा अंगावर फेकला असता! पण दर महिन्याला लाखो प्रती काढायच्या, त्याही पोरांसाठी, तर पात्याची धार कोण बघतो.

याचा तुमच्याशी संबंध असा की असे टवके दिसले की बुवाबाजी करणारे कड पुन्हा कापतात. एखादं सूत कागद कमी केला की अंक नव्यासारखा दिसतो. याला छाटणी म्हणा, ट्रिमिंग म्हणा, संग्राहकांच्या लेखी हा अपराध आहे आणि भाव निम्म्याहूनही खाली येऊ शकतो. म्हणून साठ सालच्या मार्व्हल अंकाची उजवी कड फारच स्वच्छ दिसली की मला आनंद होण्याआधी शंका येते. त्याच काळातल्या दुसऱ्या अंकावर ठेवून बघायचं, रुंदी कमी भरते का, कोपरे काटकोनात आहेत का, कापाची रेघ आतल्या पानांवर ताजी पांढरी दिसते का. वर्षानुवर्षं हवा खाल्लेली कड तांबूस असते. आतली पानं तांबूस आणि कड पांढरी, असं होत नाही.

पिनांचंही तसंच. पिनेच्या शेजारी रिकामं भोक दिसलं तर पिना काढून परत मारल्यात. कशासाठी, ते विचारायचं. बहुतेक वेळा दुसऱ्या प्रतीतलं मधलं पान किंवा मुखपृष्ठ आणून बसवलेलं असतं. तुमच्या हल्कचं पान सुटलंय ते सुटलेलंच राहू द्या. त्याने दर्जा थोडा उतरतो, पण पान आहे हे महत्त्वाचं. डिंक, नवी पिन, काही नको. आणि पानं मोजा: मुखपृष्ठाची चार सोडून आत ३२ भरायला हवीत. मागच्या बाजूची जाहिरातींची कुपनं कापलेली आहेत का तेही बघा. शॅना शाबूत आणि कुपन गायब, असंही होतं.


निळं_लेबल:

ताई, सगळं पटलं, पण हे सगळं प्रत्येकाने घरी बसून पट्टी लावून करायचं का? त्यासाठीच तर सीजीसी ही कॉमिक्स तपासणारी अमेरिकन कंपनी आहे. २००० पासून हेच काम करतात. अंक पाठवायचा, ते पान न् पान तपासतात, ०.५ ते १० मध्ये दर्जा देतात आणि प्लॅस्टिकच्या बंद कवचात घालून परत पाठवतात. निळं लेबल म्हणजे सरळ प्रत. जांभळं म्हणजे कुणीतरी डागडुजी केली आहे: रंग भरलाय, छाटलंय, कागद जोडलाय. हिरवं म्हणजे एखादी मोठी उणीव सोडून बाकी चांगली, ताईंनी सांगितलेलं कापलेलं तिकीट त्यातच बसतं. पिवळं असेल तर त्यांच्या माणसासमोर केलेली सही.

दर्जा घसरला की किती महागात पडतं याचा एक खरा किस्सा. २०१३ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा राज्यात एकाने जुनं घर दुरुस्तीला काढलं. भिंतीत भर म्हणून कागद कोंबलेले, त्यात ॲक्शन १! घरच्यांच्या ओढाओढीत मागचं मुखपृष्ठ फाटलं. तपासणीत दर्जा लागला १.५. तरी १ लाख ७५ हजार डॉलर आले. आता हे २०१४ च्या ३२ लाखांशेजारी ठेवून बघा. अंक तोच, कथा तीच.

माझं मत: हल्क सरळ पाठवा. त्याआधी प्रेसिंगही करून घ्या, दाब आणि हलकी उष्णता देऊन दुमडी, वळ काढतात, आणि सीजीसी ते डागडुजीत धरत नाही.


कटिंगखातं:

निळं लेबल, हल्क पाठवावा याला माझी ना नाही. घेणारा अनोळखी असेल तर दोघांना मान्य असा तिसरा माणूस लागतो आणि ते काम ते चोख करतात. पण सगळ्याच अंकांना कवच घालायचं म्हणजे माझ्या जिवावर येतं. जे उघडता येत नाही ते कॉमिक कसलं? पानाचा वास नाही, ठिपक्याठिपक्यांची छपाई नाही, वाचकांची भांडकुदळ पत्रं नाहीत. आकडा तेवढा दिसतो. ९.४ आणि ९.६ मधला फरक भिंगातून शोधावा लागतो आणि किमतीतला मात्र दुरून दिसतो, याचं मला आजही हसू येतं.

प्रेसिंगबद्दल तर माझं मत जरा कडवट आहे. नियमात बसतं, मान्य. पण ज्याने मुखपृष्ठाची वळी उष्णतेने सपाट केली त्याने अंकाला हात लावला नाही असं कसं म्हणायचं? रंग भरला तर जांभळं लेबल, इस्त्री केली तर निळं. चालू द्या. शिवाय ज्याचं मधलं पान एका पिनेवर लोंबकळतंय त्याला नवख्या माणसाकडून दाब देऊ नका, दुसरी पिनही फाडून घ्याल.

पोटमाळा, आता ठेवणीचं. तुमचं टोपणनाव पाहूनच माझ्या पोटात गोळा आला होता. ट्रंक पोटमाळ्यावर असेल तर आज खाली उतरवा. न्यूजप्रिंट लाकूड दळून करतात, त्यातलं लिग्निन कागदातच राहतं. उजेड, उष्णता आणि हवा लागली की ते पिवळं पडतं, आंबटपणा वाढतो आणि शेवटी पान दुमडलं की तुटतं. हे थांबवता येत नाही, लांबवता येतं. कोरडी, थंड, अंधारी जागा. प्रत्येक अंकाला स्वतंत्र पिशवी, पाठीला आम्लमुक्त पुठ्ठा. पिशवी पॉलिएस्टरची, म्हणजे ज्याला सगळे मायलर म्हणतात ती मिळाली तर उत्तम, पॉलिप्रॉपिलीनही चालते पण काही वर्षांनी बदलावी लागते. पीव्हीसीची, ती मऊ वास येणारी, अजिबात नको. अंक उभे ठेवायचे, एकावर एक रचायचे नाहीत, आणि इतके सैलही नाहीत की वाकतील. डांबराच्या गोळ्या टाकू नका, तो वास कागदातून मग जात नाही.

आडवे रचूनही टिकतात असं कुणी म्हणेल, आणि एक मोठं उदाहरण आहेही. कोलोरॅडोतला एडगर चर्च नावाचा चित्रकार. तो कॉमिक्स नवी घ्यायचा आणि घरात थप्प्या लावून ठेवायचा. १९७७ मध्ये चक रोझान्स्कीने तो संग्रह विकत घेतला तेव्हा त्यात १८ हजारांवर अंक निघाले, चाळीसच्या दशकातले असून पानं पांढरी! तिथली हवा कोरडी आणि थंड, थप्प्या घट्ट, उजेड नाही. आज एखादा अंक त्या संग्रहातला आहे एवढं सिद्ध झालं की त्याला इतर प्रतींपेक्षा वरचा भाव येतो. पण जहाजावरची दमट हवा खाल्लेल्या ट्रंकेला तो न्याय लावू नका. पिनांवर गंज आहे का ते तेवढं आधी बघा.


पोटमाळा:

ट्रंक खाली उतरवली. हल्कच्या पिना चकचकीत आहेत, साठ सालच्या काही अंकांच्या तांबूस. ३२ पानं भरली, कुपनं जागेवर. न्यू म्युटंट्स नाही सापडला. स्टार वॉर्सवर ३० सेंट.

एक शेवटचं. मामांनी बऱ्याच अंकांच्या पहिल्या पानावर बारीक अक्षरात पेनने बंदराचं नाव आणि तारीख लिहून ठेवली आहे. हल्कवरही आहे: रॉटरडॅम आणि एक तारीख. हे खोडता येईल का? आणि त्या गृहस्थांना काय सांगू?


रात्रपाळी:

३० सेंट. अरेरे. मी ३५ धरून चाललो होतो.


कटिंगखातं:

खोडायचं नाव काढू नका. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात नाव लिहिलेलं असतं तर दर्जा चांगलाच उतरला असता. आतल्या पानावर बारीक लिहिलेल्याने थोडा उतरेल. विक्रेते माल आल्याची तारीख पेन्सिलने किंवा शिक्क्याने घालायचेच, तिला कुणी फारसं नाक मुरडत नाही. पेनचं मालकाच्या हातचं लिखाण त्याहून जरा जड जातं, इतकंच. पण खोडरबर किंवा रसायन फिरवलंत तर कागदाचा वरचा थर जाणार, आणि तपासणाऱ्याला ते भिंगाशिवाय दिसणार.

त्या गृहस्थांना म्हणावं, अख्ख्या ट्रंकेचा नको, एकेका अंकाचा भाव कागदावर लिहून द्या. हल्कसमोर काय लिहितात ते बघा. मग गेल्या काही महिन्यांत त्याच दर्ज्याच्या, मधलं पान सुटलेल्या प्रती लिलावात प्रत्यक्ष कितीला गेल्या ते शोधा. विक्रेते मागतात तो आकडा बघू नका, सौदा झाला तो बघा. वुल्व्हरिनचा नवा सिनेमा जाहीर झाला की हे आकडे फुगतात आणि येऊन गेला की पुष्कळदा उतरतात, तेव्हा घाईही नको आणि फार वाटही पाहू नका.

पेन्सवाले मात्र त्यांना देऊ नका. आधी मला यादी पाठवा.